आवाज बिघडतो कुठे? घरच्या स्टुडिओत पहिलं गाणं करताना

ज्या खोलीत रेकॉर्डिंग करायचं ठरवलं आहे, तिथे उभे राहा आणि एकदा जोरात टाळी वाजवा. टाळी संपल्यावर मागे काय उरतं ते ऐका. रिकाम्या खोलीत टाळीच्या मागोमाग पत्रा हलल्यासारखा बारीक थरथराट येतो. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती तो आवाज एकमेकींकडे टोलवत असतात. कपाटं, पुस्तकं, गाद्या, पडदे यांनी भरलेल्या खोलीत तीच टाळी जागच्या जागी विरते. माइक घेण्याआधी, सॉफ्टवेअर उतरवण्याआधी ही टाळी वाजवा, कारण पुढे माइकला जे ऐकू येणार आहे त्याची पहिली चाहूल तिच्यातच लागते.

घरी संगीत करू लागलेल्यांच्या फायली मी बऱ्याच वर्षांपासून ऐकते आहे. जवळजवळ प्रत्येक वेळी एकच गोष्ट दिसते. बिघाड जिथे कानाला खुपतो तिथे तो झालेला नसतो, तो एक पायरी आधी झालेला असतो. मिक्समध्ये, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र जुळवताना, आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो म्हणून माणूस ईक्यू (वेगवेगळ्या पट्ट्या कमी-जास्त करणारं साधन) फिरवत बसतो, आणि चूक असते माइकच्या अंतराची. बेस ऐकू येत नाही म्हणून तो वाढवतो, आणि चूक असते किकच्या, म्हणजे ठेक्यातल्या खालच्या जड ठोक्याच्या, सुराची. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. म्हणून इथे एका गाण्याचा प्रवास खोलीपासून शेवटच्या फाइलपर्यंत क्रमाने मांडला आहे. कुठेही अडलात तर पुढचं बटण शोधण्याआधी मागची पायरी तपासा.

आधी खोली

खोली गाण्यात दोन वाटांनी शिरते. उंच पट्टीतले आवाज भिंतींवरून परततात आणि शब्दांभोवती पोकळ घुमारा तयार करतात. टाळीत ऐकू येतो तो हाच. खर्जातले आवाज मात्र खोलीच्या मापातच अडकतात. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या भिंतींत ३ मीटर अंतर असेल, तर जाऊन-येऊन ६ मीटर; ३४३ भागिले ६ म्हणजे ५७ हर्ट्झच्या (सेकंदाला ५७ कंपनांच्या) आसपासचा सूर त्या खोलीत फुगतो. त्याच्या दुपटीला आणि तिपटीला, म्हणजे ११४ आणि १७१ हर्ट्झलाही तेच होतं. बेसच्या एका सुराला खिडकीची काच थरथरते आणि शेजारच्या सुराला काहीच होत नाही, ते यामुळे. शिवाय हा ५७ हर्ट्झचा सूर त्या दोन भिंतींच्या बरोबर मध्ये जवळजवळ नाहीसा होतो आणि भिंतीला टेकून बसलं की भलताच मोठा वाटतो. त्यामुळे मिक्स करताना मधोमधही बसू नका आणि मागच्या भिंतीला चिकटूनही नको. समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर खुर्ची ठेवून पाहा आणि तिथून पुढेमागे सरकवत बेस सर्वांत एकसारखा कुठे ऐकू येतो ते शोधा.

यावर उपाय काय? भिंतीला चिकटवायचा पातळ फोम फक्त उंच पट्टीतले आवाज शोषतो. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास साडेतीन मीटर असते, तिला ३ सेंटिमीटरच्या स्पंजाने काय फरक पडणार? उलट सगळी खोली फोमने मढवली की वरची चमक जाते आणि खालचा घुमारा तसाच राहतो, म्हणजे आवाज आणखी कोंदट होतो. अंड्यांचे ट्रे तर कामाचेच नाहीत. खरा उपयोग जाडीचा होतो. ग्लासवूल किंवा रॉकवूल भरलेली, कापडात नीट शिवलेली १० सेंटिमीटर जाडीची पॅनेल भिंतीपासून थोडं अंतर सोडून आणि कोपऱ्यांत उभी केली की फरक लगेच कळतो. ती लोकर उघडी ठेवू नका, आणि हाताळताना हातमोजे आणि मास्क घाला.

पॅनेल नसतील तर जाड रजई घ्या. ती कुठे लावायची हे मात्र बहुतेक जण उलटं करतात. रजई माइकच्या मागे टांगली जाते, आणि गाण्यासाठी आपण सहसा वापरतो तो कार्डिऑइड माइक मागून सर्वांत कमी ऐकतो. त्याचं तोंड गाणाऱ्याकडे असतं, म्हणजेच गाणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीकडे असतं. गाणाऱ्याचा आवाज खोलीभर फिरून त्याच भिंतीवरून परत येतो आणि सरळ माइकच्या तोंडात शिरतो. म्हणून रजई गाणाऱ्याच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना हवी. एकच रजई असेल तर ती पाठीमागेच.

एक लक्षात ठेवा, याने बाहेरचा आवाज आत यायचा थांबत नाही. त्यासाठी जड भिंती आणि फटी नसलेली दारं-खिडक्या लागतात. ते जमणार नसेल तर दिवसातली सर्वांत शांत वेळ शोधणं हाच व्यवहार्य मार्ग.

सामान

इथे फार वेळ घालवू नका. एक संगणक, दोन इनपुट असलेला ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात नेणारी पेटी), एक माइक, स्टँड, पॉप फिल्टर (माइकसमोरची जाळी) आणि बंद पाठीचा हेडफोन एवढ्यावर पूर्ण गाणं होतं. बंद पाठीचा अशासाठी, की हेडफोनमधला ठेका बाहेर सांडून माइकमध्ये जाऊ नये.

माइकचे दोन प्रकार समोर येतील. कंडेन्सर माइक बारीकसारीक सगळं टिपतो, त्याला इंटरफेसमधून ४८ व्होल्टचा फँटम पॉवर द्यावा लागतो. डायनॅमिक माइक कमी संवेदनशील असतो आणि तो तोंडाजवळ धरून वापरला जातो, त्यामुळे त्यात खोली कमी येते. श्युअरचा एसएम ५८ हा डायनॅमिक माइक १९६६ पासून बाजारात आहे आणि आजही मंचावर सर्रास दिसतो. खोली घुमणारी असेल आणि ती सुधारता येत नसेल, तर महागड्या कंडेन्सरपेक्षा साधा डायनॅमिक माइक घ्या, हे माझं ठाम मत आहे. जुना रिबन माइक हाती आला तर फँटम पॉवर आधी बंद करा, त्यातली पातळ पट्टी खराब होऊ शकते.

रेकॉर्डिंग आणि मिक्सचं सॉफ्टवेअर कोणतंही चालेल. रीपर, एबलटन लाइव्ह, एफएल स्टुडिओ, क्युबेस, लॉजिक या सगळ्यांत गाणं पूर्ण होतं. अ‍ॅपलच्या संगणकावर गॅरेजबँड मिळतं, आणि पैसे न मोजता इलेक्ट्रॉनिक संगीत सुरू करायचं तर एलएमएमएस आहे. सर्ज एक्सटी हा मोफत सिंथ (लहरींपासून आवाज घडवणारं वाद्य) तर इतका समर्थ आहे की वर्षभर दुसऱ्याची गरज पडू नये. एक निवडा आणि निदान सहा महिने बदलू नका. बोटांना शॉर्टकट पाठ होईपर्यंत डोकं संगीताकडे वळत नाही.

रेकॉर्डिंगआधीची सेटिंग

सॅम्पल रेट (सेकंदात आवाज किती वेळा मोजला जातो) ४८ किलोहर्ट्झ ठेवा, बिट डेप्थ (प्रत्येक मोजणी किती बारीक) २४. सॅम्पल रेटच्या निम्म्यापर्यंतचे आवाज नोंदवता येतात. ४८ चे निम्मे २४ किलोहर्ट्झ, आणि माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. त्याहून मोठे आकडे सुरुवातीला नुसती डिस्क भरतात. २४ बिटचा फायदा मात्र खरा आहे आणि तो पुढे लेव्हल लावताना कामी येईल.

तिसरी गोष्ट बफर. संगणक आवाज थेंबाथेंबाने हाताळत नाही, एकेक ओंजळ भरून घेतो. ती ओंजळ म्हणजे बफर. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, १०२४ चा म्हणजे २१ मिलिसेकंद, आणि जाऊन-येऊन उशीर याच्या दुपटीहून थोडा जास्तच होतो. २१ मिलिसेकंदांत आवाज हवेतून सात मीटर जातो. एवढ्या लांबून स्वतःचाच सूर परत येत असेल तर कुणीही तालात गाऊ शकणार नाही. म्हणून रेकॉर्ड करताना बफर ६४ किंवा १२८, आणि मिक्स करताना, जेव्हा प्लगइनचा (सॉफ्टवेअरला जोडायच्या आवाज बदलणाऱ्या साधनांचा) भार वाढतो, तेव्हा ५१२ किंवा १०२४. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर (उशीर कमी ठेवणारा जोड-प्रोग्रॅम) बसवा. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण असेल तर आणखी उत्तम, मग गाणाऱ्याला स्वतःचा आवाज संगणकात न जाताच ऐकू येतो.

माइकसमोर

गाण्याचा आवाज घडतो तो इथे, म्हणून इथे रेंगाळा.

माइकपासून तोंड एक वीतभर लांब ठेवा, म्हणजे साधारण २० सेंटिमीटर. अंतर निम्मं केलं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा घुमारा मात्र आहे तेवढाच राहतो. म्हणजे ४० सेंटिमीटरवरून २० वर आलात की कुठलंही प्लगइन न लावता खोली मागे ढकलली गेली. पण फार जवळ गेलात की कार्डिऑइड माइक खर्ज फुगवतो. रेडिओवरच्या निवेदकाचा भारदस्त आवाज यातूनच येतो, पण गाण्यात तोच जडपणा शब्द गिळतो. हे प्रत्यक्ष करून पाहा: एकच ओळ ५, १०, २० आणि ४० सेंटिमीटरवरून गा आणि चारही तुकडे सारख्या मोठेपणावर आणून लागोपाठ ऐका. तुमच्या खोलीत, तुमच्या गळ्याला कोणतं अंतर मानवतं हे या पाच मिनिटांत कळेल.

'प', 'फ', 'भ' म्हणताना तोंडातून हवेचा झोत निघतो आणि माइकवर धपकन आपटतो. पॉप फिल्टर लावाच, पण त्याहून मोठा उपाय म्हणजे माइक तोंडाच्या रेषेतून थोडा बाजूला किंवा वर घेऊन कोनात वळवणं. झोत सरळ निघून जातो, आवाज मात्र सगळीकडे पसरतो. 'स' आणि 'श' टोचत असतील तरी हाच कोन कामाला येतो.

शब्दांचा कागद ठेवायचा स्टँड माइकच्या खाली सपाट नको. त्यावरून परतलेला आवाज थेट आवाजाच्या मागोमाग माइकमध्ये पोहोचतो. दोन वाटांत ३४ सेंटिमीटरचा फरक असेल तर तो १ मिलिसेकंद उशिरा येतो, आणि मग ५०० हर्ट्झ, १५०० हर्ट्झ, २५०० हर्ट्झ असे खड्डे आवाजात पडतात. आवाज नाकात गेल्यासारखा, नळीतून आल्यासारखा होतो आणि कारण सापडत नाही. स्टँडवर टॉवेल टाका किंवा तो तिरपा करा.

आता लेव्हल. गाणाऱ्याला गाण्यातली सर्वांत जोरात येणारी ओळ म्हणायला सांगा. 'हॅलो, चेक' वर लावलेला गेन (इंटरफेसवर माइकचा आवाज किती वाढवायचा ते बटण) हमखास फसतो. त्या ओळीला मीटरची टोकं उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास जायला हवीत. मीटर अर्धं रिकामं दिसतं म्हणून नवखा माणूस अस्वस्थ होतो आणि गेन चढवतो. तसं करू नका. २४ बिटमध्ये कागदोपत्री १४४ डेसिबलचा पल्ला आहे, त्यातले बारा सोडल्याने काहीही बिघडत नाही. शून्यावर मात्र डिजिटलचं छत आहे. लहर तिथे सपाट कापली जाते आणि कापलेला आवाज खऱ्या अर्थाने परत येत नाही. आणि नेमका सर्वांत भावपूर्ण टेकच छताला लागतो, कारण त्या वेळी गाणारा स्वतःला विसरलेला असतो.

एकदा मी मैत्रिणीचा अगदी हळू आवाजातला अंतरा घेत होते. लॅपटॉप माइकसमोरच्या टेबलावर होता. रेकॉर्ड करताना त्याच्या पंख्याची घरघर आम्हा दोघींनाही जाणवली नाही. पुढे मिक्समध्ये कॉम्प्रेसर (मोठ्या-हळू भागांतला फरक कमी करणारं साधन) लावल्यावर हळू भाग वर आले आणि त्यांच्याबरोबर घरघरही वर आली. घरघर काढणाऱ्या प्लगइनने ती काढली, पण शब्दांच्या शेवटी विरत जाणारे श्वासही पुसले. आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला. शेवटी लॅपटॉप लांब केबलवर माइकच्या पाठीमागे, खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि सगळा अंतरा पुन्हा घेतला. तेव्हापासून गाणं सुरू करण्याआधी मी ३० सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करते आणि हेडफोनचा आवाज वाढवून ऐकते. फ्रिज, ट्यूबलाइट, खुर्चीची कुरकुर, मनगटावरचं घड्याळ, सगळं त्यात सापडतं.

गाणं ओळ-ओळ तोडून घेण्यापेक्षा अख्खं तीन-चार वेळा गाऊन घ्या आणि नंतर चांगल्या ओळी निवडून जोडा. सांधा श्वासाच्या आधी ठेवा आणि तिथे ५ ते १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक तुकडा विरताना दुसरा वर येणं) द्या, नाहीतर 'टक्' असा आवाज येतो. श्वास सगळे कापू नका, श्वास नसलेलं गाणं ऐकणाऱ्याचाही जीव घुसमटवतं. सूर सरळ करणारं प्लगइन वापरायचं तर त्याचा वेग कमी ठेवा. वेग जास्त असला की ते मींडेच्या पायऱ्या करून टाकतं, आणि जी जागा घेण्यासाठी गाणाऱ्याने रियाज केला तीच जागा जाते.

ठेका: शून्यातून एक किक

इलेक्ट्रॉनिक बाजूला नवखे लोक हजारो तयार सॅम्पल (रेकॉर्ड केलेले छोटे आवाज) उतरवून घेतात आणि त्यातलं एक निवडता निवडता संध्याकाळ संपते. सॅम्पल वापरायला हरकत नाही, परवाना मात्र वाचून घ्या. दुसऱ्याच्या गाण्यातला तुकडा परवानगीवाचून उचलू नका. पण त्याआधी एक किक स्वतः बनवा. त्या एका किकमध्ये सिंथचं निम्मं शास्त्र हाताखालून जातं.

कुठलाही सिंथ उघडा. एक ऑसिलेटर (मूळ लहर काढणारा भाग) ठेवा, बाकी बंद. लहर साइन निवडा, म्हणजे सर्वांत साधी, एकाच सुराची. सूर ५० हर्ट्झच्या आसपास आणा. आता की दाबली तर नुसता 'हूंऽऽ' येतो. मोठेपणाच्या एन्व्हलपला, म्हणजे आवाज वेळेनुसार कसा चढतो-उतरतो त्या आराखड्याला, अटॅक (चढायचा वेळ) १ मिलिसेकंद, डिके (उतरायचा वेळ) ३०० मिलिसेकंद, सस्टेन (की दाबून धरल्यावर टिकणारी पातळी) शून्य द्या. आता तो 'बुंम' होऊन विरतो, पण त्याला ठोका नाही, कुणी दुसऱ्या खोलीत काहीतरी जड ठेवल्यासारखं वाटतं. आता दुसरा एन्व्हलप सुराला जोडा. सुरुवात २४ सेमिटोन, म्हणजे दोन सप्तकं वरून करा आणि ४० मिलिसेकंदांत खाली येऊ द्या. सूर २०० हर्ट्झवरून ५० वर कोसळतो आणि त्या कोसळण्यालाच आपला कान 'ठोका' म्हणतो. ४० चे २० करा, किक टणक होते. ८० करा, ती लेझरसारखी 'प्यूं' करू लागते. शेवटी १० मिलिसेकंदांचा नॉइजचा (बिनसुराच्या खरखरीचा) चिमूटभर तुकडा सुरुवातीला घाला, म्हणजे छोट्या स्पीकरवरही ठोका कळेल.

रोलँडच्या १९८० च्या टीआर ८०८ या ठेका-यंत्रात सॅम्पल नव्हते, सगळे आवाज अशाच विजेच्या मंडलांतून निघत. त्याची लांब विरणारी किक आजही असंख्य गाण्यांच्या पायाशी आहे. हायहॅट (झांजेसारखा बारीक आवाज) हवा असेल तर नॉइज घ्या, खालचं सगळं फिल्टरने कापा आणि डिके ५० मिलिसेकंद ठेवा. स्नेअर म्हणजे २०० हर्ट्झच्या आसपासचा छोटा सूर आणि नॉइजचा फटका यांची जोडी.

ठेका मांडताना टेम्पो आधी पक्का करा. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० मात्रा) एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, तिचा चौथा हिस्सा १२५. सगळे ठोके रेषेवर चिकटवले की ठेका ताठ होतो. त्यात जीव आणायचे दोन मार्ग आहेत. एक स्विंग: जोडीतला दुसरा ठोका थोडा उशिरा. ५० टक्के म्हणजे सरळ, ६६ टक्के म्हणजे तिनाच्या चालीचा झोका. बहुतेकदा ५४ ते ५८ मध्येच गोडी असते. दुसरा मार्ग व्हेलॉसिटी, म्हणजे फटक्याचा जोर. १९८३ साली आलेल्या मिडी या भाषेत आवाज नसतोच. कोणती की, केव्हा, किती जोरात, एवढ्या सूचना असतात, आणि जोर ० ते १२७ मध्ये मोजला जातो. हायहॅटचे सोळाही ठोके १०० वर ठेवू नका. मात्रेवरचे १००, मधले ७०, एखादा ४५ असं हाताने बदला. तबल्यावर किंवा ढोलकीवर कुणीही सोळा फटके सारख्या जोराने मारत नाही, आणि कानाला ते ठाऊक असतं.

सिंथ आणि बेस

बेसच्या आवाजासाठी सॉ (करवतीच्या दातांसारखी) लहर घ्या. तिच्यात मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सगळे उपसूर असतात. स्क्वेअर लहरीत फक्त विषम असतात, म्हणून ती क्लॅरिनेटसारखी, पोकळ वाटते. सॉ वर लो-पास फिल्टर लावा आणि तो हळूहळू बंद करा. वरचे उपसूर एकेक करून गळत जातात, आवाज उजेडातून सावलीत गेल्यासारखा होतो. फिल्टरला स्वतःचा एन्व्हलप दिला की प्रत्येक सूर उघडतो आणि मिटतो. इलेक्ट्रॉनिक संगीतातली 'बोलणारी' बेस बहुतेकदा एवढीच असते. एलएफओ म्हणजे कानाला ऐकू न येणारी संथ लहर, जी एखादं बटण तुमच्या वतीने फिरवत राहते.

किक आणि बेस एकाच जागेसाठी भांडतात. किक ५० हर्ट्झवर असेल आणि बेसही तिथेच लोळत असेल तर दोघांपैकी कुणीच नीट ऐकू येणार नाही. तळ कुणाचा हे ठरवा. तळ किकचा असेल तर बेस एक सप्तक वर न्या. तळ बेसचा असेल तर किक आखूड करा आणि तिचा सूर वर घ्या. शिवाय किकचा सूर गाण्याच्या षड्जाशी जुळतो का ते पाहा. हे सगळं सूर आणि डिके बदलून होतं, ईक्यू अजून उघडलेलाही नाही.

मिक्स

पहिला तास फक्त फेडर, म्हणजे प्रत्येक ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणारी पट्टी. सगळे प्लगइन बंद, सगळे फेडर खाली. गाणं ज्याच्यावर उभं आहे तो ट्रॅक आधी वर आणा, गाणं असेल तर गायन, नाचाचा ठेका असेल तर किक. मग एकेक जोडत जा. आवाज हळू ठेवा, शेजारी बसलेल्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येईल इतका. कानाचा स्वभावच असा की मोठ्या आवाजात खर्ज आणि तार दोन्ही जास्त भासतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. मोठ्याने केलेलं मिक्स हळू ऐकलं की पोकळ निघतं.

ईक्यू आधी कापायला वापरा. गायनात ८० हर्ट्झच्या खाली बहुधा पावलांचे धक्के आणि रस्त्याची गुरगुर असते, ती काढा. २०० ते ४०० हर्ट्झमध्ये कोंदटपणा साठतो, कारण गायन, गिटार, पॅड सगळेच तिथे गर्दी करतात. प्रत्येकाचं थोडं थोडं कमी करण्यापेक्षा एकाला पूर्ण जागा द्या आणि बाकीच्यांना हटवा. आणि एकच ट्रॅक ऐकवणाऱ्या सोलो बटणापासून जपून. एकटा ऐकताना सुंदर वाटणारा आवाज गर्दीत हरवतो, आणि गर्दीत शोभणारा आवाज एकटा किरकिरा वाटू शकतो. ऐकणारा सोलो कधीच ऐकत नाही.

कॉम्प्रेसरची भीती आकड्यांनी जाते. थ्रेशोल्ड (ज्याच्या वरचा आवाज दाबला जातो तो उंबरठा) उणे २०, रेशो (किती दाबायचं ते प्रमाण) ४:१ ठेवा. उणे १२ चा फटका आला, म्हणजे उंबरठ्याच्या ८ डेसिबल वर. चाराने भागून २ उरले, म्हणजे तो उणे १८ वर बाहेर पडला, ६ डेसिबल दाबला गेला. गायनाला ३ ते ६ डेसिबलची दाब पुष्कळ. अटॅक, म्हणजे इथे दाब लागू व्हायचा वेळ, १० ते ३० मिलिसेकंद ठेवला की व्यंजनांची धार सुटून जाते आणि मागचा स्वर आवरला जातो. अटॅक शून्य केला की शब्द बोथट होतात. एखादी ओळ फारच मोठी असेल तर कॉम्प्रेसरला राबवू नका, त्या ओळीचा मोठेपणा आधी हाताने कमी करा. कॉम्प्रेसर बेसवर लावून त्याला किकच्या इशाऱ्यावर दबायला सांगितलं की ते साइडचेन. प्रत्येक किकला बेस क्षणभर वाकून वाट देतो.

रिव्हर्ब (खोलीसारखा कृत्रिम घुमारा) प्रत्येक ट्रॅकवर वेगळा टाकू नका. एकच रिव्हर्ब स्वतंत्र ट्रॅकवर ठेवा आणि सगळ्यांचा थोडा थोडा आवाज तिकडे पाठवा, म्हणजे सगळे एकाच जागेत बसल्यासारखे वाटतील. त्या ट्रॅकवर २०० हर्ट्झच्या खालचं कापून टाका. गायनासाठी ३० ते ४० मिलिसेकंदांचा प्रीडिले (घुमारा सुरू होण्याआधीचा उशीर) दिला की शब्द पुढे राहतात आणि घुमारा मागून येतो. डिलेचं, म्हणजे ठरावीक उशिराने येणाऱ्या प्रतिध्वनीचं, गणित सोपं: ६०,००० भागिले बीपीएम. १०० बीपीएमला एक मात्रा ६०० मिलिसेकंद, अर्धी ३००, पाऊण ४५०. पाऊण मात्रेचा डिले ठोक्यांच्या मधल्या फटीत पडतो, म्हणून तो गर्दी न करता गाणं भरतो.

मधूनमधून सगळं मोनोत (डावी-उजवी बाजू एकत्र करून) ऐका. पसरवलेला सिंथ मोनोत गायब झाला तर डाव्या-उजव्या लहरी एकमेकींना खात आहेत, त्या सिंथचा पसरटपणा कमी करा. आणि दर तासाला दहा मिनिटं शांत बसा, थकलेला कान तार पट्टी वाढवत सुटतो.

फाइल बाहेर काढताना

मिक्सची टोकं उणे ६ च्या आसपास राहू द्या. शेवटच्या लिमिटरचं (ठरलेल्या पातळीवर आवाज न जाऊ देणाऱ्या साधनाचं) छत उणे १ डेसिबल ट्रू पीकला (लहरीच्या खऱ्या टोकाला) ठेवा, कारण एमपी३ सारख्या दाबलेल्या रूपात जाताना टोकं थोडी वर सरकतात. आवाज किती मोठा हवा यासाठी एलयूएफएस मीटर (कानाला सरासरी किती मोठं वाटतं ते मोजणारं) बघा. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला गाणी उणे १४ एलयूएफएसच्या पातळीवर आणून वाजवतं. तुम्ही उणे ७ पर्यंत ठासून भरलेलं गाणं तिथे खाली ओढलं जाईल, चिरडलेले ठोके मात्र चिरडलेलेच राहतील. आकड्याच्या मागे धावू नका. किकचा ठोका लिमिटरखाली मऊ पडू लागला की थांबा.

मूळ प्रत २४ बिटच्या वेव्ह फाइलमध्ये काढा. १६ बिटची हवी असेल तर ती काढताना डिदर (बिट कमी करताना होणारा बिघाड झाकणारी अगदी हलकी खरखर) चालू ठेवा, आणि तो एकदाच, सर्वांत शेवटी. एमपी३ नेहमी वेव्हवरूनच बनवा, एमपी३ वरून पुन्हा एमपी३ नको. सगळा प्रोजेक्ट दुसऱ्या डिस्कवर उतरवा. प्रत्येक ट्रॅक सुरुवातीच्या शून्य सेकंदापासून वेगळी वेव्ह करूनही ठेवा, म्हणजे उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी गाणं उघडेल.

मग फाइल फोनवर घ्या, गाडीत ऐका, एका कानाने ऐका, दुसऱ्या खोलीत वाजत ठेवून स्वतः बाहेर उभे राहून ऐका. शब्द कळतात का, ठेका कळतो का, एवढंच बघा. आणि ऐकायला बसाल तेव्हा शेवटच्या सुरानंतर लगेच बंद करू नका. एक्सपोर्टची खूण शेवटच्या ठोक्यावर राहून गेली की रिव्हर्बची शेपटी मध्येच तुटते, आणि ही चूक सर्वांत शेवटी लक्षात येते. खूण चार-पाच सेकंद पुढे सरकवा आणि घुमारा पूर्ण विरेपर्यंत फाइल वाहू द्या.